तपासणी रात्री झाली पाहिजे

30 डिसेंबर 2016 च्या पहाटे कोंढव्यात एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. शटरला बाहेरून कुलूप होतं. 9 मे 2019 च्या पहाटे उरुळी देवाचीत साड्यांच्या एका दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. तिथेही दार बाहेरून बंद होतं. दोन्ही घटनांमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं अंतर होतं, आणि दोन्ही जागा तेव्हा पुणे महापालिकेच्या हद्दीत होत्या. मग 30 ऑगस्ट 2023 ला, रक्षाबंधनाच्या पहाटे, पिंपरी-चिंचवडमधल्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. पोटमाळ्यावर झोपलेलं चौघांचं कुटुंब, आईवडील आणि दोन मुलं, बाहेर पडू शकलं नाही.

पंधरा माणसं. या तिन्ही ठिकाणी बंब उशिरा पोचला की वेळेवर, पाणी पुरलं की नाही, यावर नंतर बरंच बोललं गेलं. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. धुराने कोंडलेल्या खोलीत माणसाच्या हातात फार थोडी मिनिटं असतात. बाहेर पडायला दार नसेल, तर चौकातल्या केंद्रातून निघालेला बंबही उशिराच पोचतो. या माणसांना वाचवू शकला असता तो आधीच्या एखाद्या रात्री तिथे आलेला अग्निशमन अधिकारी. तो आला असता तर त्याला कुलूप दिसलं असतं, आत अंथरलेल्या सतरंज्या दिसल्या असत्या, पोटमाळ्याला लावलेली शिडी दिसली असती. दिवसा यातलं काहीच दिसत नाही. दिवसा शटर वर असतं, सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या असतात आणि दुकान दुकानासारखं दिसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पुण्यात अग्निसुरक्षेची तपासणी रात्री व्हायला हवी, अग्निशमन दलाने स्वतः करायला हवी, आणि तिचा निकाल दारावर लागायला हवा. यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे आणि 6 डिसेंबर 2008 पासून लागू आहे. त्याच्या तपासणीच्या कलमात सर्वसाधारण नियम असा आहे की अधिकाऱ्याने भोगवटादाराला तीन तासांची पूर्वसूचना द्यावी आणि सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात जागा तपासावी. राहत्या घरात जायचं असेल तर तिथल्या लोकांच्या सामाजिक आणि धार्मिक भावनांचा मान ठेवावा, असंही त्यात आहे. हे योग्यच आहे. सरकारी माणसाने मध्यरात्री कुणाचंही दार ठोठावावं असं कुणालाच वाटणार नाही. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे. कारखाना चालू असेल, करमणुकीचा कार्यक्रम चालू असेल, किंवा जीविताच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी गरजेचं वाटत असेल, तर अधिकारी कोणत्याही वेळी आत जाऊ शकतो. म्हणजे रात्रीची तपासणी कायद्यात आहे. पण ती अपवाद म्हणून कागदावर राहिली आहे. ठरावीक प्रकारच्या जागांसाठी तोच नियम झाला पाहिजे.

आज तपासणी म्हणून जे चालतं ते काय आहे? इमारतीत आग प्रतिबंधक यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही जबाबदारी कायद्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं आणि दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यायचं. सोसायट्यांच्या सभांमध्ये ज्याला सगळे ‘बी फॉर्म’ म्हणतात तो हाच. कल्पना वाईट नव्हती. शहरातली प्रत्येक इमारत दलाचे अधिकारी वर्षातून दोनदा तपासू शकणार नाहीत हे उघड होतं. पण एजन्सी निवडतो मालक आणि तिचे पैसेही मालकच देतो. कडक तपासणी करणाऱ्या एजन्सीला पुढच्या वर्षी काम मिळत नाही. हे कळायला फार डोकं लागत नाही.

आमच्या भागातल्या एका इमारतीचा जिना मी खालपासून वरपर्यंत नीट पाहिला आहे. प्रत्येक मजल्यावर होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाइपची पेटी, आहे, लाल रंग ताजा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये केरसुणी आणि दिवाळीच्या माळा ठेवल्या होत्या. चौथ्यावर होज पाइप होता, पण पितळी नोझल नव्हतं. पितळेला भंगारात भाव येतो, त्यामुळे नोझल टिकत नाही. पाचव्यावरचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवला तरी हलला नाही. खाली पंपाच्या खोलीत पॅनेलवरचं बटण ‘ऑटो’वर असायला हवं, ते ‘ऑफ’वर होतं, कारण रात्री दाब कमी झाला की पंप आपोआप सुरू होतो आणि त्याच्या आवाजाची पहिल्या मजल्यावरून तक्रार येते. वॉचमनला त्या खोलीची किल्ली कुठे असते हे ठाऊक नव्हतं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. सोसायटीच्या ऑफिसातल्या फाइलमध्ये मात्र दोन्ही सहामाहींचे बी फॉर्म व्यवस्थित लावलेले होते, सहीशिक्क्यासकट.

ही इमारत निदान नियमांच्या कक्षेत तरी आहे. कोंढव्यातली बेकरी, उरुळीतलं दुकान, पूर्णानगरातला पोटमाळा यांच्याबाबतीत अगदी खरा बी फॉर्म असता तरी काय झालं असतं? पंप चालतो का, सिलिंडर भरलेला आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. रात्री इथे कोण झोपतं, दार कुठल्या बाजूने बंद होतं, हे त्यात लिहिलेलं नसतं. माणसं कशाने मरतात आणि आपण काय तपासतो यांचा मेळच बसलेला नाही.

दिवसाही मोठ्या आगी लागतात हे मान्य आहे. जानेवारी 2021 मध्ये मांजरीला सीरम या लस बनवणाऱ्या कंपनीच्या इमारतीत पाच कामगार गेले. त्याच वर्षी 7 जूनला मुळशीतल्या उरवड्याच्या रसायन कंपनीत आणि 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात बळी गेलेल्यांत बहुतेक महिला होत्या. या भरदिवसा, काम चालू असताना लागलेल्या आगी होत्या. तिथेही तीच तरतूद लागू पडते. कारखाना चालू असताना, शिफ्ट सुरू असताना, पूर्वसूचना न देता जायचं. तीन तास आधी कळवून गेलात तर उरवड्यासारख्या ठिकाणी तीन तासांत पिंपं हलवता येतात, वाट मोकळी करता येते, बायकांना त्या दिवसापुरतं घरी पाठवता येतं. जागा जशी रोज वापरली जाते तशी ती अधिकाऱ्याला दिसली पाहिजे. दुकान-गोदामांसाठी ती वेळ रात्री अकरानंतरची आहे, कारखान्यासाठी शिफ्टची, मंगल कार्यालयासाठी पंगत बसलेली असतानाची, रूफटॉप हॉटेलसाठी शनिवारी रात्री दहाची.

पेठांमधल्या अभ्यासिका घ्या. सदाशिव, नारायण, नवी पेठेत चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिका आहेत. गावाकडून आलेली पोरं स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी तिथे रात्र-रात्र बसतात. जुन्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला, एकच अरुंद लाकडी किंवा लोखंडी जिना, जिन्याखाली मीटरची पेटी, प्लायवूडची खुराडी, खुराड्यात एकेक पंखा आणि चार्जिंगचा पॉइंट. खिडक्यांना एसीसाठी काचा ठोकून बसवलेल्या. सकाळी अकराला गेलात तर दहा जण दिसतील. रात्री अकराला जा आणि मोजा. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीने पेट घेतला तर ही पोरं कुठून उतरणार, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर आपोआप पडतो.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. पुण्याच्या अग्निशमन दलात मंजूर पदांपैकी कितीतरी पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, हे खरं आहे. वर्दीला, म्हणजे आगीची खबर आल्यावर, जाणाऱ्या गाडीवरच माणसं कमी पडत असताना तपासणीला कोण जाणार? पण मी प्रत्येक इमारतीची रात्रीची तपासणी मागत नाही. जिथे रात्री माणसं कोंडली जातात अशा जागांचे प्रकार मोजके आहेत: बेकऱ्या, कापडाची आणि फर्निचरची गोदामं, टिंबरच्या वखारी, निवासी पोटमाळे असलेली दुकानं, अभ्यासिका, कॉट बेसिसवरची वसतिगृहं, छोटी रुग्णालयं. त्यासाठी गाडीवरचे जवान आणि तांडेल (जवानांचे नायक) हलवण्याची गरज नाही. दोन-दोन अधिकाऱ्यांची वेगळी पथकं करता येतील, आणि त्यांच्याकडे दिवसाच्या एनओसीच्या (ना हरकत प्रमाणपत्राच्या) फाइली देऊ नयेत.

दुसरा आक्षेप हप्त्याचा. रात्री दारात उभा राहिलेला अधिकारी म्हणजे आणखी एक पाकीट, असं व्यापारी उघड म्हणतात, आणि त्यांचा अनुभव खोटा ठरवण्याचा मला अधिकार नाही. उपाय एकच दिसतो, तपासणीचा निकाल लपवता येणार नाही असा ठेवणं. तपासणी झाली की तारीख, वेळ, दोन्ही अधिकाऱ्यांची नावं, सापडलेला दोष आणि दुरुस्तीची मुदत हे सगळं लिहिलेला कागद त्याच रात्री दर्शनी भागात लागला पाहिजे, आणि तो काढणं हा गुन्हा मानला गेला पाहिजे. क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याची प्रत. पाकीट घेऊन ‘सर्व ठीक’ लिहिलं आणि पुढे काही घडलं, तर ज्यांनी लिहिलं त्यांची नावं गल्लीतल्या पोरांनासुद्धा माहीत असतील. अशा वेळी पाकीट घेणं फार महाग पडतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कामगार दुकानात झोपतो कारण पुण्यात त्याला परवडेल अशी खोली नाही. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मराठवाडा इथून आलेला पोरगा पगारातून घरी पैसे पाठवतो. मालकाने झोपायला जागा दिली हा त्याच्या पगाराचाच भाग असतो. मालक कुलूप लावतो त्यालाही कारण असतं. कधी चोरीची भीती, कधी नव्या पोरावर नसलेला भरवसा. आता पथक येऊन ‘इथे झोपायला बंदी’ असं म्हणालं, तर पोरगा फुटपाथवर जाईल किंवा, त्याहून वाईट, आणखी आतल्या खोलीत, आणखी लपून झोपेल. दुकानाचा वापर निवासासाठी करणं बेकायदा आहे, तेव्हा सगळं बंद करा, हा सरळ मार्ग आहे, पण त्यातून माणसं वाचतील असं मला वाटत नाही.

म्हणून पथकाने पहिला आदेश दाराचा द्यावा. आतून हाताने उघडेल अशी कडी आजच्या आज बसवा, आणि बाहेरून कुलूप लावलेलं पुन्हा दिसलं तर जागा सील. दुसरी वाट महिन्याभरात, मागची खिडकी असेल तर तिच्या जाळीला बिजागऱ्या. गॅस सिलिंडर झोपायच्या जागेपासून दूर. चार्जिंगला लावलेली बॅटरीची गाडी दारात नको, कारण बाहेर पडायची वाट तीच असते. निवासाच्या परवानगीचा, भाड्याचा, दंडाचा हिशेब त्यानंतर होऊ द्या. कायद्याच्या दृष्टीने सगळं चोख असलेल्या पण बाहेरून कुलूप घातलेल्या दुकानापेक्षा, नियमात न बसणारं पण आतून उघडणारं दुकान मी पत्करेन. हे कुणाला ढिलाई वाटेल. मला ती वाटत नाही, कारण कुलपाबाबत मी जराही सूट मागत नाही. तातडीचा धोका दिसला तर जागा रिकामी करण्याचा, सील करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा अधिकार याच अधिनियमाने दिला आहे. गुन्हा सिद्ध झाला तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 20,000 ते 50,000 रुपये दंड आहे. झोपलेल्या माणसांना बाहेरून कोंडणाऱ्यासाठी हे कलम लावायला आग लागण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

हद्दीचा घोळही सोडवावा लागेल. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट, शिवाय एमआयडीसी, एवढ्यांची वेगवेगळी दलं आहेत. उरुळी देवाची 2017 मध्ये महापालिकेत आली आणि 2024 मध्ये तिला आणि फुरसुंगीला वेगळी नगरपरिषद देण्याचा निर्णय झाला. गोदामं तिथेच राहिली, त्यांच्या फाइली मात्र कार्यालयं बदलत राहिल्या. आग विझवायला ही दलं एकमेकांच्या मदतीला धावतात. मार्च 2021 मध्ये कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला रात्री आग लागून शेकडो दुकानं जळाली तेव्हा कॅन्टोन्मेंटच्या जोडीला महापालिकेचे बंब होते, आणि त्या रात्रीचं काम संपवून घरी जाताना कॅन्टोन्मेंट दलाच्या प्रमुखांचा रस्त्यावर अपघाती मृत्यू झाला. आगीच्या वेळी जी एकजूट असते ती तपासणीच्या यादीतही असायला काय हरकत आहे? रात्रीच्या तपासणीची यादी सगळ्या दलांची मिळून एकच हवी.

इथवर मालकांबद्दल आणि अधिकाऱ्यांबद्दल लिहिलं. नागरिकांबद्दलही लिहायला हवं. आगीच्या ठिकाणी अडथळा करणाऱ्याला हटवण्याचा, रस्ता बंद करण्याचा, आग विझवण्यासाठी दार-भिंत फोडून आत शिरण्याचा अधिकार अग्निशमन दलाला महापालिका अधिनियमानेच दिलेला आहे. बंबाला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्यक्षात जवान ‘मागे व्हा, मागे व्हा’ म्हणत असतो आणि त्याच्या खांद्यावरून दहा मोबाइल पुढे येतात. बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्याचं उपकरण, चढवायला त्याला दोन पावलं मोकळी जागा लागते, ती मिळत नाही. होज पाइपवरून दुचाकी जाते आणि पुढे नोझलवर उभ्या असलेल्याचं पाणी तुटतं. बाहेर आलेला माणूस दागिन्यांसाठी, कागदपत्रांसाठी पुन्हा आत घुसू पाहतो आणि नातेवाईक त्याला अडवणाऱ्या जवानाशीच हुज्जत घालतात. त्या जागेवर त्या जवानाचा शब्द अखेरचा आहे. नगरसेवकाचा फोन आला तरी, ‘आमचं घर आहे’ म्हटलं तरी.

पेठेतल्या मंडळांच्या पोरांबद्दल मात्र चांगलंच बोललं पाहिजे. रात्री-अपरात्री सगळ्यांत आधी धावतात तीच. गर्दीला दोरी लावतात, म्हाताऱ्यांना उतरवतात, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बंबाला वळण दाखवतात. दलाने प्रत्येक मंडळातल्या चार-पाच जणांना रीतसर शिकवून ओळखपत्र दिलं, तर गर्दी आवरण्याचं निम्मं काम होईल. कसब्यातल्या माणसाला कसब्यातलाच पोरगा दरडावू शकतो.

पण त्याच पेठेत रात्री गल्लीच्या दोन्ही बाजूंना हॅंडल लॉक केलेल्या दुचाक्या उभ्या असतात. बंब तोंडाशी थांबतो आणि जवान खाली उतरून ॲक्टिव्हा उचलून बाजूला ठेवू लागतात. पुढचं चाक वळलेलं असतं, त्यामुळे गाडी ढकलता येत नाही, मागून उचलून फरफटवावी लागते. एक उचलली की तिच्या मागे दुसरी. वर कुणीतरी गॅलरीतून ओरडत असतं आणि खाली ज्यांचं पहिलं काम पाणी मारण्याचं, ते गाड्या हलवत असतात. टिंबर मार्केटला मे 2023 मध्ये आग लागली ती पहाटे चारच्या सुमारास. लाकडाच्या वखारी आणि त्यांना खेटून राहती घरं असलेला तो भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथल्या वाटांची रुंदी सांगायची गरज नाही.

म्हणून रात्रीच्या तपासणीत गल्लीही हवी. वर्दी नसताना, रात्री दीड-दोनला, खरा बंब घेऊन पेठांच्या आणि टिंबर मार्केटच्या गल्ल्यांतून जाऊन पाहावं. मुंबई बंदरातल्या 1944 च्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात शाळांमध्ये प्रात्यक्षिकं होतात, ती चालूच राहावीत, पण त्याच आठवड्यातल्या रात्री या फेऱ्यांसाठी ठेवता येतील. बंब कुठे अडला, कशाने अडला, किती वेळ गेला, हे लिहून काढावं: लावलेल्या गाड्या, दुकानाबाहेर आलेलं पत्र्याचं छप्पर, लोंबणाऱ्या केबल, न काढलेला मांडव. ती यादी वर्षातून दोनदा, बी फॉर्मच्याच जानेवारी-जुलैला, क्षेत्रीय कार्यालयाबाहेर लागावी. अडलेल्या गल्लीत एका बाजूची पार्किंग बंद करण्याचा निर्णय वाहतूक शाखेने त्या यादीवरून घ्यावा, मांडवाची परवानगी महापालिकेने त्या यादीवरून द्यावी, आणि पुढच्या फेरीत बंब त्याच गल्लीतून पुन्हा नेऊन पाहावा.